फुस्, फुस्, फुस्! इंजिनाची नाडीपरीक्षा

बालमित्रांनो, घरात सायकलला हवा भरायचा पंप असेल तर घ्या. नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दांडा खाली रेटा. दांडा खाली जाता जाईना, होय ना? आत कोंडलेली हवा उलट ढकलते. पण पंपातला वॉशर झिजलेला असेल तर दांडा सुळकन खाली जातो आणि हवा बाजूने निसटते.

मोटारीच्या इंजिनातही हेच. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी दाबायचं, मग ठिणगी टाकायची. दाबच नीट बसला नाही तर गाडी सुरू होत नाही, झालीच तर ओढत नाही. या दाबाला कॉम्प्रेशन म्हणतात. जुनी गाडी घेणारा जाणकार माणूस रंग-बिंग नंतर बघतो, कॉम्प्रेशन आधी तपासतो. पण माझदा या जपानी कंपनीची जुनी आरएक्स-७ ही स्पोर्ट्‌स गाडी समोर आली, की गॅरेजमधलं नेहमीचं गेज चक्क थाप मारतं!

कारण या गाडीत वरखाली होणारा दट्ट्या नाहीच. तिचं इंजिन ‘रोटरी’. फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरचं असं पहिलं इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली चाललं. मधे किंचित चिमटलेला लंबगोल डबा डोळ्यांपुढे आणा, भुईमुगाच्या गुबगुबीत शेंगेसारखा. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. तो रोटर. त्याचे तिन्ही कोपरे डब्याच्या भिंतीला सतत घासत असतात, त्यामुळे डब्यात तीन कप्पे तयार होतात. एकात मिश्रण येतंय, दुसऱ्यात दाबलं जातंय, तिसऱ्यातून धूर बाहेर चाललाय, असं सगळं एकाच वेळी! आरएक्स-७ मध्ये असे दोन रोटर एकामागे एक बसवलेले असतात.

आता विचार करा, सगळ्यात जास्त त्रास कुणाला होत असेल? कोपऱ्यांना! तिथे धातूची एक बारीक पट्टी बसवलेली असते, फक्त दोन-तीन मिलिमीटर जाडीची. तिला सील म्हणतात. पंपात वॉशरचं जे काम, तेच इथे सीलचं. या पट्टीने भल्याभल्यांना रडवलं. माझदाने १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला, पण सुरुवातीच्या इंजिनांत सील थरथरून डब्याच्या भिंतीवर ओरखडे पाडायचे. हिरोशिमातले इंजिनिअर त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस जण या कामाला भिडले. शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून बनवलेलं सील टिकलं, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीला आली. आरएक्स-७ त्यानंतरची, १९७८ ची. ती २००२ पर्यंत तयार होत होती. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक आरएक्स-७ वीस वर्षांहून जुनी, आणि प्रत्येकीच्या बाबतीत प्रश्न तोच: सील शाबूत आहेत ना?

मग तपासायचं कसं? (हे काम मेकॅनिककाकांचं, बरं का! तुम्ही लांबून बघा.) आधी इंजिन गरम करून घेतात. मग पेट्रोल आणि ठिणगी, दोन्ही बंद. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, त्यांतला एक काढून त्या भोकात गेज बसवायचं. एकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर फिरवायचा.

नेहमीच्या गेजमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, ट्यूबच्या तोंडाशी असतो तसाच. आत गेलेली हवा तो परत येऊ देत नाही, त्यामुळे काटा सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊन थांबतो. दट्ट्याच्या इंजिनात ते ठीक आहे, कारण एका सिलिंडरला एकच दट्ट्या. पण इथे एका भोकासमोरून तीन बाजू जातात! समजा त्यांचा दाब १००, ५० आणि ५० पौंड आहे. गेज दाखवणार १००. वर्गात एकाच मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि आम्ही शिक्षकांनी सगळा वर्ग हुशार म्हणून कळवलं, तर पालकहो, तुम्ही ऐकून घ्याल का?

उपाय सोपा आहे. तो व्हॉल्व्ह काढून टाकायचा किंवा दाबून उघडा ठेवायचा. मग काटा थांबत नाही, उड्या मारतो. तीन उड्या म्हणजे रोटरचा एक फेरा. स्टार्टरच्या वेगाने सेकंदाला साधारण चार उड्या होतात, म्हणून हल्ली लोक मोबाइलवर त्याचं चित्रण करून सावकाश बघतात. खास रोटरीसाठीची इलेक्ट्रॉनिक यंत्रंही मिळतात. कानांनाही बरंच कळतं. गेज न लावता नुसतं भोक उघडं ठेवलं, तर निरोगी इंजिन सारख्या तालात फुस्, फुस्, फुस् करतं. ठेका चुकला की ओळखायचं, पाणी मुरतंय.

जुन्या आरएक्स-७ साठी किमान ८५ पौंडांच्या आसपास दाब हवा. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते, त्याच्या जवळजवळ तिप्पट! शिवाय तीन बाजूंत २१ पौंडांहून जास्त फरक नको.

आता एक कोडं. रोटरच्या कोपऱ्यांना अ, ब, क म्हणू. अ-ब आणि ब-क या बाजूंचा दाब ५०, क-अ चा १००. कुठलं सील गेलं? बरोब्बर, ब! एक कोपरा दोन बाजूंना सामाईक असतो, म्हणून तो फुटला की शेजारच्या दोन्ही बाजू ढासळतात. आणि एकच बाजू कमी असेल तर? मग संशय कोपऱ्यावर नाही, रोटरच्या सपाट अंगाला बसवलेल्या सीलवर जातो. इंजिन न उघडता, नुसत्या काट्याच्या उड्यांवरून हे कळतं!

तिन्ही आकडे सारखेच कमी आले तरी लगेच घाबरायचं नाही. बॅटरी अशक्त असेल तर इंजिन हळू फिरतं आणि आकडा पडतो. कंपनीने ठरवलेला वेग मिनिटाला २५० फेऱ्यांचा आहे. उंच डोंगरावर हवा विरळ, तिथेही आकडा कमी येतो. आत जास्त पेट्रोल साचलं असेल तर ते तेलाचा थर धुऊन टाकतं आणि चांगलं सीलही गळतं. उलट कुणी प्लगच्या भोकातून तेल ओतून ठेवलं, तर मरायला टेकलेलं इंजिनही काही वेळ ठणठणीत आकडे दाखवतं. म्हणून गाडी घेणाऱ्याने चाचणी स्वतःसमोर करून घ्यावी. फुटलेल्या सीलचा तुकडा आतल्या भिंती ओरबाडतो, आणि मग इंजिन उतरवून पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. तो खर्च मोठा.

तर आरएक्स-७ चे दोन रोटर, प्रत्येकाचे तीन आकडे, असे सहा आकडे कागदावर हवेत. १९९० मध्ये आलेल्या युनोस कॉस्मो गाडीच्या एका इंजिनात तीन रोटर होते. आणि १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मां ही चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७-बी मध्ये चार. तिथे काट्याच्या किती उड्या लिहून घ्याव्या लागतील, ते तुम्ही सांगा पाहू!