गोंदिया–नागपूर पास धंद्यासाठी काढताय? आधी हा हिशेब करा

गोंदिया, तिरोडा, आमगावकडच्या नवउद्योजकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, माल घरी बनतो, पण गिऱ्हाईक नागपुरात आहे. एमएसटी काढून रोज अपडाऊन करू का?"

प्रश्न चांगला आहे. मुंबईची लोकल 2013 मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली आणि किनाऱ्यावरचं ते चिकूचं गाव थेट शहराला जोडलं गेलं. आपल्याकडे समुद्र नाही, लोकलही नाही. पण गोंदिया ते नागपूर अंतर आहे सुमारे 130 किलोमीटर, आणि रेल्वेचा मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो. म्हणजे आपण त्या मर्यादेत बसतो. शिवाय अनेक मेमू गाड्या इतवारी स्टेशनपर्यंतच जातात, आणि इतवारी म्हणजे नागपूरचा ठोक बाजार. मस्कासाथ, गांधीबाग सगळं हाताशी. उतरलात की बाजारातच!

आता खरं बोलू. पास तुम्हाला नेतो, तुमच्या मालाला नाही.

प्रवासाचं सामान वेगळं आणि विक्रीचा माल वेगळा, हे रेल्वेचं धोरण आहे. धंद्याचा माल पार्सलमध्ये बुक करायचा असतो. पासावर सामानाची सूटही साध्या तिकिटापेक्षा कमी. तांदळाची दोन पोती डब्यात चढवून "घरचंच आहे" म्हणणारे असतात, पण टीसी रोज तोच भोळा माणूस नसतो. आणि डब्यात विकायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. रेल्वे कायदा 1989, कलम 144. परवान्याशिवाय डब्यात किंवा स्टेशनच्या हद्दीत विकलं, अगदी ऑर्डर मागत फिरलात तरी, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फलाटावर विकायचंच असेल तर 2022 पासून 'एक स्थानक एक उत्पादन' योजना आहे. त्यात स्थानिक उत्पादकांना ठरावीक दिवसांसाठी स्टॉल मिळतो. स्टेशनवर जाऊन चौकशी करा, अर्ज द्या.

मग पास कशासाठी? हलक्या, किमती मालासाठी आणि ऑर्डर-वसुलीसाठी. कोसा कापडाचे नमुने, जवसाची चटणी, मोहाचे लाडू. (खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआय नोंदणी लागतेच, त्यात पळवाट शोधू नका.) तांदूळ विकायचा असेल तर गाडीतून फक्त नमुन्याची पुडी न्या. दुकानदाराने हो म्हटलं की माल टेम्पोने पाठवा.

एक हिशेब मांडू. समजा जवस चटणीची 100 ग्रॅमची 60 पाकिटं नेली. वजन 6 किलो, खांद्यावरच्या पिशवीत मावतं. पाकिटामागे 15 रुपये सुटले तर फेरीला 900. मन लगेच म्हणतं, 25 दिवस गेलो तर 22,500! थांबा. 25 दिवसांची 1500 पाकिटं बनवणार कोण? तुम्ही तर पहाटे निघून रात्री घरी येताय. एक्सप्रेसला एका बाजूचे साधारण दोन तास धरा, मेमूला त्याहून जास्त. घरच्या बाईमाणसाने फुकट राबायचं, असं गृहीत धरलं असेल तर तो नफा नाही, तिची मजुरी आहे. ती वहीत लिहा. मग बहुतेकांना कळतं की आठवड्यातून दोन फेऱ्याच परवडतात. महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्या. एवढ्यासाठी पास स्वस्त की तिकीट, हे बुकिंग खिडकीवर दोन्हीचे दर विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट वेळेची. ही हावडा–मुंबई मुख्य लाईन. 1880 च्या दशकात इथे आधी मीटरगेज आली, मग बंगाल–नागपूर रेल्वेने ब्रॉडगेज केली, आणि आजही कोळशाच्या मालगाड्यांची रांग असते. मालगाडी पुढे काढायची म्हणून पॅसेंजर थांबवली, हे अपडाऊनवाल्यांना नवीन नाही. कामाचा ब्लॉक असला की गाडी रद्दही होते. म्हणून तासाभरात खराब होणारा माल या गाडीच्या भरवशावर घेऊ नका. दुकानदाराला "दहा वाजता येतो" सांगू नका, "दुपारपर्यंत" सांगा. मार्च 2020 मध्ये तर देशभरातल्या प्रवासी गाड्याच बंद झाल्या होत्या. त्यामुळे नागपूरच्या प्रत्येक दुकानदाराचा फोन नंबर तुमच्याकडे हवा, आणि गोंदियातून बस-टेम्पोने पार्सल पाठवणारा एक माणूस आधीच ठरलेला हवा.

आणि परतीची फेरी रिकामी आणू नका. पाऊच, बरण्या, लेबलं इतवारीत ठोकात घ्या. बाजारात शिरण्याआधी परतीच्या शेवटच्या मेमूची वेळ तेवढी बघून ठेवा.