माशांची वाढ : संप्रेरके व गुणसूत्रे यांचे कार्य

चिलापी मासा तळ्यात सोडला असता प्रथम तो झपाट्याने वाढतो. पुढे मात्र तळे बोटभर लांबीच्या माशांनी भरून जाते आणि विकण्याजोगा माल थोडाच हाती लागतो. खाद्य कमी पडले असे शेतकऱ्यास वाटते. परंतु खरे कारण निराळे असते. हा मासा दोन-तीन महिन्यांतच वयात येतो व वरचेवर पिले देतो. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. त्यामुळे तिची वाढ खुंटते व नवीन पिले खाद्यात वाटेकरी होतात.

सारांश, खाल्लेले अन्न अंगी लागते की प्रजननात खर्ची पडते, यावर वाढ पुष्कळशी अवलंबून असते. ते अंगी लागावे म्हणून दोन उपाय योजले जातात.

पहिला उपाय संप्रेरकांचा, म्हणजेच हॉर्मोनांचा. शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारी व अत्यल्प प्रमाणातही मोठे कार्य करणारी ही द्रव्ये होत. चिलापीचे पिलू खाऊ लागते तेव्हा ते नर होणार की मादी, हे शरीरात पक्के झालेले नसते. त्या वेळी बीजोत्पादन केंद्रात २१ ते २८ दिवस नर-संप्रेरक मिसळलेले खाद्य दिल्यास बहुतेक सर्व पिले नर होतात. नर मादीपेक्षा लवकर वाढतो आणि तळ्यात पिलांची गर्दीही होत नाही.

रोहू, कटला व मृगळ यांना दिले जाणारे संप्रेरकाचे इंजेक्शन मात्र वाढीसाठी नसून अंडी घालण्यासाठी असते. ही पद्धत आपल्या देशात १९५७ साली ओरिसात यशस्वी झाली.

दुसरा उपाय गुणसूत्रांचा. गवत्या माशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात : २४ आईकडून व २४ बापाकडून. फलन होताच अंडे आपल्याजवळील एक जादा संच बाहेर टाकते. नेमक्या त्या क्षणी अंड्यांवर मोठा दाब दिला, किंवा पाण्याचे तापमान एकाएकी बदलले, तर तो संच आतच राहतो व पिलात ७२ गुणसूत्रे येतात. तीन संचांच्या नीट जोड्या लागत नाहीत. म्हणून असा मासा वांझ निघतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत पाणवनस्पतींच्या नियंत्रणासाठी असेच वांझ गवते मासे सोडतात, म्हणजे ते नदीत निसटले तरी त्यांची प्रजा वाढत नाही. तथापि तीन संच म्हणजे दीडपट वाढ नव्हे. लाभ दिसतो तो मुख्यतः वयात आल्यानंतर. इतर मासे अंडी धरू लागतात, तेव्हा हा वाढत राहतो.

हे दोन्ही उपाय तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बीजोत्पादन केंद्रातच करावयाचे आहेत. शेतकऱ्याने संप्रेरकाची औषधे तळ्यात टाकू नयेत किंवा मोठ्या माशांस चारू नयेत. चिलापी पाळण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी व बीज एकलिंगी असल्याची खात्री करून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट बीजखरेदीपूर्वीच समजावून द्यावी. तळे पिलांनी भरल्यावर इलाज कठीण असतो. आणि बीज कितीही उत्तम असले, तरी स्वच्छ पाणी, पुरेसे खाद्य व बेताची संख्या यांवाचून मासा वाढत नाही.