कुत्र्यापासून सावध!

नवे घर पाहावयास जाताना नवऱ्याला घरीच ठेवणारी बाई विरळाच. अमेरिकेतील कवयित्री टॉय डेरिकॉट यांना ते करावे लागे. जन्माने त्या काळ्या, पण वर्ण इतका उजळ, की दलाल त्यांना गोरी समजत. सावळा नवरा दिसला की चांगल्या वस्तीची दारे बंद! १९७४ साली न्यू जर्सीतील गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळाले खरे, परंतु मनाचे स्वास्थ्य हरपले. त्या नैराश्याची, आपल्याच माणसांची वाटलेल्या लाजेची हकिगत १९९७ च्या ‘द ब्लॅक नोटबुक्स’मध्ये आहे.

कवितेच्या वर्गांतही तोच एकलकोंडेपणा. साऱ्या गोऱ्यांत काळा कवी एखादाच. त्याने दुःख मांडावे की आधी ते समजावून सांगावे?

म्हणून १९९६ साली त्यांनी आणि कवी कॉर्नेलियस ईडी यांनी हडसनकाठच्या एका मठात केवळ काळ्या कवींसाठी आठवड्याचे निवासी शिबिर भरविले. नाव ‘केव्ह कानेम’, म्हणजे कुत्र्यापासून सावध! पॉम्पेईतील एका प्राचीन घराच्या दारातली ही पाटी; आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकावर असते तीच. संस्थेच्या चिन्हातील कुत्र्याची साखळी मात्र तुटलेली आहे.

पहिल्या संध्याकाळी सारे वर्तुळ करून बसतात आणि आपण इथवर कसे आलो ते एकेक जण सांगतो. चांगली मोठी माणसे ढसाढसा रडतात. पण रडून सुटका नाही! रोज एक नवी कविता लिहून सर्वांपुढे ठेवायची. या वर्तुळात बसलेल्या ट्रेसी स्मिथ यांना २०१२ साली, तर जेरिको ब्राऊन यांना २०२० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.