वेदीपासून वस्तीपर्यंत

1981 साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी एक व्याख्यान दिले आणि भारतातल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाला नवे वळण लागले. भारतीय चर्चमधले बहुसंख्य लोक दलित जातींतून आलेले, पण चर्चचे ईशज्ञान मात्र वेदान्ताशी चर्चा करण्यात रमलेले, हे त्यांचे म्हणणे होते. मूठभर उच्चवर्णीय धर्मांतरितांना पडलेले प्रश्न सगळ्या मंडळीचे प्रश्न म्हणून शिकवले जात होते. महारवाड्यातून, मांगवाड्यातून, पाणंदीच्या पलीकडून जे प्रभूकडे आले, त्यांचे प्रश्न अभ्यासक्रमात नव्हतेच.

निर्मल यांची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात हंगामाचे पहिले पीक देवापुढे ठेवताना शेतकऱ्याने आपल्या पूर्वजांची कहाणी म्हणायची असते. भटका बाप, मिसर देशातली वेठ, छळ, मग सुटका. हा उतारा निर्मल दलित विद्यार्थ्याच्या बाजूने वाचत. तुझ्या बापजाद्यांची कहाणी कोणती, ती तू वेदीपुढे उभा राहून सांगू शकतोस का? गावकुसाबाहेरून सेमिनरीत आलेल्या मुलाला हा प्रश्न थेट भिडतो. आपली जात लपवण्याची गोष्ट नसून श्रद्धेच्या कबुलीचा भाग आहे, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळते. पुढे चेन्नईच्या गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईशज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि त्याची धुरा निर्मल यांच्याकडेच आली.

समाजाचे प्रश्न धर्मशिक्षणात आणण्याचा प्रयत्न याआधी झाला नव्हता असे नाही. मुंबईचे उदाहरण तर घरचेच. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1927 साली नागपाड्यात नेबरहूड हाउस सुरू केले. कामगारांच्या त्या दाटीवाटीच्या वस्तीत लोकांना आपल्या धर्मात ओढण्यापेक्षा त्यांच्या रोजच्या अडचणींत हात घालावा, अशी त्यांची धारणा होती. त्यातूनच 1936 साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली, आजची ‘टिस’. तिचे पहिले वर्ग नागपाड्याच्या त्याच वास्तूत भरले.

बंगळूरला ख्रिस्ती विचारवंत एम. एम. थॉमस यांनी हाच धागा राजकारणापर्यंत नेला. आणीबाणीत त्यांनी सत्तेविरुद्ध उघडपणे लिहिले. पुढे 1990 मध्ये ते नागालँडचे राज्यपाल झाले.

पुण्यात मात्र थोडे थांबायला हवे. श्रीलंकेतल्या कँडी इथली पेपल सेमिनरी 1955 साली पुण्याला आली. तिथल्या ज्ञानदीप विद्यापीठात जॉर्ज सोरेस-प्रभू हे येशूसंघीय फादर बायबल शिकवत. जकातदार आणि समाजाने टाकलेली माणसे यांच्या पंगतीला येशू बसला, त्याचा दलित ख्रिस्ती माणसाला आज काय अर्थ, यावर त्यांनी 1992 मध्ये लेख लिहिला. हा लेख महाराष्ट्रात शिकताना महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवणार नाही असा विद्यार्थी विरळा. एकत्र जेवणे आणि एका तळ्याचे पाणी पिणे, दोन्हीकडे विटाळाची भिंतच पाडायची होती.

आता एक रोकडा प्रश्न. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेरच आहेत. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती. या आदेशाचा अर्थ असा, की एकाच महार घरातल्या दोन भावांपैकी बौद्ध झालेल्याला सवलत मिळते, ख्रिस्ती झालेल्याला नाही. संविधान आणि शुभवर्तमान एकाच बाकावर ठेवून शिकवायचे, तर याहून चांगला धडा सापडणार नाही.

पण हा धडा सरकारला जाब विचारून संपत असेल तर तो अर्धाच राहतो. ख्रिस्ती झाल्यावरही कबरस्तानात, बाकांवर, सोयरिकीत जात टिकली. कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चच्या आतला भेदभाव मान्य केला. भारतातून पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 साल उजाडले. जो शिक्षक आपल्याच चर्चबद्दल एवढे बोलू शकत नाही, त्याने समाजाबद्दल बोलण्याची घाई करू नये.

यासाठी आपल्याकडे पाठ तयार आहेत. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, पण मिशनरी भगिनींनी सांगितलेली शिकवण त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाही. त्या भगिनींशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार वर्गात वाचण्याजोगा आहे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीबद्दल त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात बिल्डर आणि राजकीय गुंडगिरी यांच्यासमोर बागायती आणि विहिरी वाचवण्याचा प्रश्न मांडला, ‘सुवार्ता’ मासिकातून लिहिले आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरूनही ते निर्भीडपणे बोलले. त्यांच्या आंदोलनात सर्व धर्मांचे वसईकर होते, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

अडचण आहे ती भाषेची. निर्मल, थॉमस, सोरेस-प्रभू यांचे बरेचसे लेखन इंग्रजीतच आहे. अहिल्यानगर, जालन्याकडच्या खेड्यातल्या संडे स्कूलच्या शिक्षकापर्यंत ते पोहोचत नाही, आणि तिथली मुले दहा आज्ञा पाठ करून थांबतात. सेमिनरीतल्या प्राध्यापकांनी आणि मराठी प्रकाशकांनी मिळून या लेखनाचा निवडक भाग सोप्या मराठीत, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना वाचता येईल असा काढावा. त्यात 1950 च्या आदेशाचे परिशिष्ट जोडावे आणि रमाबाईंची पत्रे पहिल्या प्रकरणात घ्यावीत.