काटा नॉर्मल, तरी बोटीचं इंजिन भाजतंय? जुन्या इनबोर्ड बोटीत दोष नेमका कुठे लपतो?

गाडी तापली की आपण सगळ्यात आधी काय बघतो? डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा. काटा लाल पट्ट्यात गेला की गाडी बाजूला घ्यायची, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं.

बोटीत मात्र एक वेगळीच भानगड होऊ शकते. काटा मस्त मधोमध असतो, इंजिन सुरळीत चालत असतं, पण मागून जळक्या रबराचा वास यायला लागतो. इंजिनवरचं झाकण उघडलं तर एका बाजूच्या लोखंडी भागावरचा रंग फुगून निघालेला दिसतो.

हा लोखंडी भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो तापतोय याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन निकामी होऊ शकतं, बोटीत आग लागू शकते किंवा जळलेल्या पाइपातून पाणी आत येऊन बोट बुडूही शकते. मग काटा गप्प असताना हा दोष ओळखायचा कसा? सोप्या भाषेत समजून घेऊया.

इनबोर्ड इंजिन म्हणजे काय?

बोटीच्या मागे लटकवलेलं इंजिन असतं त्याला आउटबोर्ड म्हणतात. इंजिन बोटीच्या पोटातच बसवलेलं असेल तर ते इनबोर्ड.

अमेरिकेत १९७० ते १९९० च्या दशकांत विकल्या गेलेल्या असंख्य पेट्रोल इनबोर्ड बोटींमध्ये मुळात गाडीचंच इंजिन असायचं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८. हे घराणं १९५५ साली आलं आणि त्यातलं ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन १९६७ मध्ये आलं. मर्क्रूझर, व्होल्वो पेंटा, क्रूसेडर अशा कंपन्या हे इंजिन घ्यायच्या आणि त्याला पाण्यात चालण्यासारखं बनवायच्या. फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यापासून ग्रेट लेक्सच्या गोड्या पाण्यापर्यंत ही इंजिनं आजही धावतायत.

गाडीचं इंजिन असल्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि बरेच मालक स्वतःच पाना हातात घेतात. पण या इंजिनाचा एक भाग गाडीपेक्षा पूर्ण वेगळा असतो. तो म्हणजे धूर बाहेर नेणारी वाट.

गाडी आणि बोट, फरक काय?

सिलिंडरमधून निघणारा जळका वायू कित्येक शे अंश सेल्सियस तापलेला असतो. बाइकच्या सायलेन्सरचा चटका ज्याला बसलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत ही उष्णता वाऱ्यावर जाते. बोटीत इंजिन बंद कप्प्यात असतं आणि तिथे पेट्रोलची वाफ साठण्याची भीती असते. अशा ठिकाणी तापून लाल झालेलं लोखंड परवडणारं नाही.

म्हणून बोटीचं मॅनिफोल्ड दुहेरी भिंतीचं असतं. आतून धूर जातो, बाहेरच्या पोकळीतून पाणी फिरतं. व्ही-८ इंजिनाला अशी दोन मॅनिफोल्ड असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. प्रत्येकावर कोपरासारखा वाकलेला एक तुकडा बसवलेला असतो. त्याला राइझर म्हणतात. राइझरच्या टोकाला पाणी धुरात मिसळतं, धूर थंड होतो आणि मग दोन्ही मिळून रबरी पाइपातून बाहेर पडतात. बोटीच्या मागून धुराबरोबर पाण्याच्या चुळा येतात त्या यामुळेच. ते पाणी आहे म्हणून रबरी पाइप टिकतो. पाणी थांबलं की पाइप जळायला वेळ लागत नाही.

हे पाणी येतं कुठून? बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून समुद्राचं किंवा तलावाचं पाणी ओढलं जातं. गाळणी, रबरी इम्पेलरचा पंप, ऑइल कूलर, थर्मोस्टॅटचं घर, मग दोन फाटे होऊन दोन मॅनिफोल्ड, शेवटी राइझर, असा साधारण त्याचा प्रवास असतो. मॉडेलनुसार क्रम थोडा बदलतो.

मग काटा का फसवतो?

कारण काट्याचा सेन्सर इंजिनवर, थर्मोस्टॅटच्या आसपास बसवलेला असतो. मॅनिफोल्ड पाण्याच्या वेगळ्या फाट्यावर असतात. एक फाटा तुंबला तरी इंजिनाला त्याच्या वाट्याचं पाणी मिळत राहतं. त्यामुळे काटा नॉर्मलच दिसतो.

काही बोटींमध्ये इंजिनात कूलंट फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त ते कूलंट थंड करायला आणि एक्झॉस्टला वापरलं जातं. तिथे तर समुद्राचं पाणी पूर्ण बंद झालं तरी कूलंट तापेपर्यंत थोडा वेळ जातो. तोवर रबरी पाइप जळायला सुरुवातही झालेली असते.

थोडक्यात, काटा खोटं बोलत नाही. तो दुसऱ्याच जागेची खबर देतो.

पाणी अडतं कशामुळे?

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसंच इथे होतं. खाऱ्या पाण्यातले क्षार उष्णतेने सुटे होऊन लोखंडाला चिकटतात. त्यामुळेच थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांत थर्मोस्टॅट साधारण ६० अंशांचा ठेवतात, तर कूलंटवाल्यांत ७१ अंशांच्या आसपासचा. त्यात मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचं. ते आतून गंजतं, गंजाचे पापुद्रे सुटतात आणि राइझरच्या अरुंद वाटांमध्ये अडकतात. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आत वाट बुजलेली असू शकते.

खाऱ्या पाण्यात मॅनिफोल्ड आणि राइझर ५ ते ७ वर्षं टिकतात, असं मेकॅनिक साधारण धरून चालतात. गोड्या पाण्यात ते याहून कितीतरी जास्त टिकतात.

दोष शोधायचा कसा?

आधी सुरक्षा. पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी इंजिनच्या कप्प्यातला पंखा किमान ४ मिनिटं चालवायचा आणि पेट्रोलचा वास नाही ना ते बघायचं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे बंदिस्त जागेत चाचणी करायची नाही. आणि पाण्याशिवाय इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही, कारण कोरड्यात इम्पेलरच सगळ्यात आधी जातो.

पायरी १: मोजा. लेझरच्या ठिपक्याची इन्फ्रारेड थर्मामीटर गन इथे कामाला येते. चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावायची. दोन्ही बाजूंना त्याच त्या जागा घ्यायच्या: मॅनिफोल्डचं पुढचं टोक, मागचं टोक, राइझर आणि त्यानंतरचा रबरी पाइप. आधी इंजिन मंद चालू असताना मोजायचं, मग बोट पाण्यात जोरात चालवून पुन्हा. जमिनीवर बागेचा पाइप लावून केलेल्या चाचणीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे खरा दोष तिथे लपू शकतो. चालत्या बोटीत मोजायचं तर एकाने फक्त सुकाणूवर लक्ष ठेवायचं.

समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा राइझर साधारणपणे हात टेकवता येईल इतपतच गरम असतो. पण तपासताना आधी गनने मोजायचं, थेट हात लावायचा नाही. आकडा ८० अंशांच्या वर जात असेल तर शंका घ्यायची. १०० च्या जवळ असेल तर आत वाफ होतेय असं समजून इंजिन बंद करायचं.

पायरी २: एक बाजू की दोन्ही? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. दोन्ही बाजू तापत असतील तर दोष फाटा फुटण्याआधी आहे. गाळणीत शेवाळ किंवा प्लॅस्टिक, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, आतून दबलेला किंवा हवा ओढणारा पाइप, झिजलेला इम्पेलर, तुंबलेला ऑइल कूलर, या क्रमाने बघत जायचं.

इम्पेलरची पाती तुटलेली दिसली तर नवा बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे मोजायचे. जेवढे कमी भरतील, तेवढे पुढे कुठेतरी अडकलेत. ते बऱ्याचदा कूलरच्या तोंडाशी किंवा थर्मोस्टॅटच्या घरात सापडतात.

एकच बाजू तापत असेल तर दोष त्या बाजूच्या फाट्यात आहे. मागे दोन्ही बाजूंना वेगळी तोंडं असतील तर दोन्हीकडून पडणारं पाणी शेजारी शेजारी बघायचं. एकीकडे धार, दुसरीकडे नुसती वाफ आणि मोठा कोरडा आवाज, असं असेल तर तपास निम्मा झाला. मंद चालीत दोन बाजूंत थोडा फरक काही इंजिनांत असतोच. वेग वाढवल्यावरही तो टिकला किंवा वाढला तर मात्र राइझर खोलून आत बघायचं.

पायरी ३: नुकतंच काय काम झालंय? मॅनिफोल्ड आणि राइझरच्या मध्ये गॅस्केट असतं. काही गॅस्केटना पाण्याची भोकं पूर्ण मोकळी असतात, काहींना लहान असतात, तर काही ती वाट मुद्दाम बंद करतात, कारण प्रत्येक रचनेची गरज वेगळी आहे. चुकीचं किंवा उलटं गॅस्केट बसलं तर कोरे करकरीत भागही पहिल्याच फेरीत तापतात. त्यामुळे ‘सगळं नवीन टाकलंय’ हे उत्तर ऐकून तपास थांबवायचा नाही.

पायरी ४: पाणी ठीक आहे, तरी तापतंय? मग दोष आगीच्या बाजूला आहे. ठिणगीचं टायमिंग मागे सरकलं असेल तर इंधन उशिरा जळतं आणि ती उष्णता थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. मिश्रणात पेट्रोल कमी असेल तरीही धूर जास्त तापतो. काही बोटींत मागच्या पाइपात रबरी झडप असते. ती तुटून आडवी पडली की धुराचीच वाट अडते. टायमिंगचा नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

काय करू नये?

तापलेल्या कोरड्या मॅनिफोल्डवर थंड पाणी ओतायचं नाही, ओतीव लोखंड तडकू शकतं. इंजिन बंद करून आपोआप निवू द्यायचं.

अ‍ॅसिडने आतला थर निघतो हे खरं, पण जुन्या मॅनिफोल्डमध्ये गंजाच्या थरानेच एखादं भोक झाकलेलं असू शकतं. थर गेला की भोक उघडं पडतं आणि पाणी धुराच्या वाटेत शिरतं. तिथून ते सिलिंडरमध्ये उतरतं.

इंजिनातलं सगळ्यात महागडं नुकसान इथेच होतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून तापण्याचा प्रकार घडल्यावर दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारला आणि इंजिन ‘टक्’ करून अडलं, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवायची नाही. आधी सगळे स्पार्क प्लग काढून बघायचे. एखाद्या प्लगवर गंज किंवा पाणी दिसलं तर त्याच बाजूचं मॅनिफोल्ड किंवा राइझर गळत असण्याची शक्यता मोठी.

जुनी बोट घेताय?

अमेरिकेत असाल किंवा मांडव्याच्या जेट्टीजवळ, जिथे बोटीच्या मागून धुराबरोबर पाणी येतं तिथे हे गणित सारखंच आहे. त्यामुळे इंजिन किती तास चाललं याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा: मॅनिफोल्ड आणि राइझर शेवटचे कधी बदलले? खाऱ्या पाण्यातल्या बोटीबद्दल याचं ठाम उत्तर मिळालं नाही, तर दोन्ही बाजूंचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करायची. आणि नवे बसवलेत तर तारीख रंगाने मॅनिफोल्डवरच लिहून ठेवायची.