आई वूलाँगाँगला गेली आहे!

वूलाँगाँग आपल्या ओळखीचं. हेलेन्सबर्गला बालाजीचं दर्शन घेऊन पुढे समुद्रावर फेरी मारणारे सिडनीकर मराठी लोक पुष्कळ. पण पी. जे. होगन यांच्या 'मेंटल' (२०१२) या ऑस्ट्रेलियन सिनेमात हे गाव एका थापेपुरतं येतं.

क्वीन्सलंडमधल्या मूचमोर कुटुंबात पाच बहिणी. वडील राजकारणी, घरात पाहुण्यासारखे. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या आनंदी कुटुंबाची स्वप्नं पाहणारी आई एक दिवस पार कोलमडते. वडील तिला मनोरुग्णालयात ठेवतात आणि मतदारांना सांगतात, "ती सुट्टीसाठी वूलाँगाँगला गेली आहे!" मुली सांभाळायला ते रस्त्यात भेटलेली एक अनोळखी बाई घरी आणतात. ही शाझ म्हणजे टोनी कोलेट. होगन यांच्या लहानपणी त्यांच्या घरी असंच घडलं होतं. सिनेमा विनोदी आहे, पण भाषा शिवराळ. मुलांना घेऊन बसू नका.

हसता हसता एक गोष्ट मात्र टोचते. पाचही बहिणींची खात्री आहे, की आपल्यालाही कुठला तरी मानसिक आजार आहेच. ज्या घरात आजाराबद्दल सरळ बोललं जात नाही, तिथं मुलं मनातल्या मनात असंच काहीबाही जुळवत बसतात.

आपल्याकडे वूलाँगाँग नसेल, पण "हवापालटाला गेलीय", "जरा बी.पी.चा त्रास आहे" हे आहेच की! शिवाय इथं आपलं वर्तुळ लहान. गणपतीत मारलेली थाप दिवाळीपर्यंत निभवावी लागते, आणि ती निभवायचं ओझं मुलांवर पडतं.

याउलट सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) आठवा. शेषला (अतुल कुलकर्णी) स्किझोफ्रेनिया आहे. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते, उपचार करवते. तिची दमछाक होते, संसाराची ओढाताण होते. पण आजाराला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की वाटही दिसू लागते.

इथं ती वाट फॅमिली डॉक्टरपासून सुरू होते. त्यांनी 'मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन' करून दिला, की मेडिकेअरमधून मानसोपचाराच्या वर्षाला १० भेटींपर्यंत पैशांची मदत मिळते. आई-वडिलांना इंग्रजीची अडचण असेल तर १३१ ४५० या क्रमांकावर दुभाषी मागता येतो. अगदीच असह्य झालं तर 'लाइफलाइन' १३ ११ १४, रात्री-अपरात्रीसुद्धा.

आणि आपण? कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, की चार घरांतून डबे जातात. मनाच्या आजारानं कुणी हॉस्पिटलात असलं, की मात्र फोनसुद्धा जात नाही. मंडळी, तोही आजारच आहे. फार चौकशा नकोत. वरण-भाताचा डबा तेवढा घेऊन जा.