भयपटाची समीक्षा : भयाची निर्मिती आणि अपेक्षाभंगाची कारणे

प्रस्तावना

मराठी वाचकाला भयकथा अपरिचित नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या लेखकांनी भयकथा व गूढकथा या प्रकारांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. चित्रपटाच्या क्षेत्रातही भयपटाला प्रेक्षक लाभला. परंतु त्याच्या समीक्षेकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नाही. भयपटाचे परीक्षण बहुधा 'घाबरवतो' किंवा 'घाबरवत नाही' एवढ्या निर्णयावर थांबते. का घाबरवतो, आणि घाबरवत नसेल तर नेमके कोठे बिनसते, याची मीमांसा क्वचितच होते.

याच्या जोडीला एक आक्षेपही असतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. विवेकवादी विचाराची दीर्घ परंपरा असलेल्या या राज्यात भुताखेतांचे चित्रपट गंभीरपणे अभ्यासणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होय, असे अनेकांना वाटते. वर्गात चित्रपटाची चर्चा घडवून आणणाऱ्या अध्यापकाला या दोन्ही प्रश्नांना सामोरे जावे लागते. प्रस्तुत लेखात भारतीय रसविचाराच्या आधारे भयपटाच्या समीक्षेचे काही निकष स्पष्ट करावयाचे आहेत.

भयानक रसाचे स्वरूप

भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांत भयानक रसाचा समावेश आहे. त्याचा स्थायी भाव भय हा होय. याउलट बीभत्स रसाचा स्थायी भाव जुगुप्सा आहे. बीभत्सापासून भयानक उद्भवतो असे भरत म्हणतो, म्हणजे दोहोंचे नाते त्याला मान्य आहे. पण तो दोहोंना एक मानत नाही. हा भेद समीक्षकाला अत्यंत उपयोगी आहे. रक्त, छिन्न अवयव, किडलेले शरीर यांच्या दर्शनाने प्रेक्षक तोंड फिरवतो. ती किळस असते. भयात प्रेक्षक तोंड फिरवत नाही, उलट डोळे विस्फारून पाहत राहतो.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे विवेचन करताना 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणाला भिऊन पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला येथे जे भय प्रतीत होते ते 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' अशा स्वरूपाचे नसते. विशिष्ट स्थळ, काळ व व्यक्ती यांपासून सुटलेले ते भय असते. अंधश्रद्धेच्या आक्षेपाला येथेच उत्तर मिळते. हरणाच्या भयाचा आस्वाद घेण्यासाठी प्रेक्षकाला हरीण व्हावे लागत नाही. त्याचप्रमाणे भयपटाचा आस्वाद घेण्यासाठी भूत मानावे लागत नाही. भुतावरील विश्वास ही श्रद्धा आहे, भयाची प्रतीती हा आस्वाद आहे.

दचकणे आणि भय

दीर्घ शांततेनंतर पार्श्वसंगीताचा एकाएकी मोठा आघात व्हावा आणि पडद्यावर चेहरा झळकावा, ही क्लृप्ती भयपटांत सर्रास आढळते. प्रेक्षक दचकतो, परंतु दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया होय. तिला कथेची, पात्राची वा अर्थाची गरज नसते. मांजराने पाडलेल्या भांड्यानेही माणूस दचकतो. असा धक्का ओसरला की मागे काही उरत नाही आणि त्याच क्लृप्तीची पुनरावृत्ती होऊ लागली की प्रेक्षक सावध होतो.

आल्फ्रेड हिचकॉक याने धक्का आणि ताण यांतील भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने स्पष्ट केला होता. बॉम्ब अकस्मात फुटला तर प्रेक्षकाला काही क्षणांचा धक्का बसतो; तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर टेबलाशी चाललेले साधे संभाषणही असह्य होते. सारांश, भय हे माहितीच्या अभावातून नव्हे, तर माहितीच्या नेमक्या नियोजनातून निर्माण होते.

अपेक्षाभंगाची कारणे : रसविघ्ने

रसप्रतीतीत अडथळा आणणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. त्यांतील तीन भयपटाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहेत.

(१) संभाव्यतेचा अभाव : भूत असंभाव्य आहे म्हणून भयपट फसत नाही, त्याने स्वतःच घालून दिलेले नियम मोडले म्हणजे तो फसतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट कोकणाच्या पार्श्वभूमीवर १९१८ ते १९४७ या कालखंडात घडतो. धारपांच्या कथेचे ऋण या चित्रपटामागे आहे. त्यातील हस्तर हा पूर्णतः काल्पनिक आहे. परंतु त्याची भूक, पिठाची बाहुली, पिठाचे रिंगण आणि त्याच्या स्पर्शाचा परिणाम हे सारे नियम काटेकोर आहेत. नायक विनायक अखेरीस ज्या संकटात सापडतो ते बाहेरून आलेले नसते; तेच नियम आणि त्याचा लोभ यांच्या गणिताचे ते उत्तर असते. म्हणून शेवट अपरिहार्य वाटतो.

(२) प्रधान भावाचा अभाव : एकाच चित्रपटात विनोद, प्रणय, गीते व भय यांची सरमिसळ झाली की कोणताच भाव प्रधान राहत नाही. याचा अर्थ विनोद भयाला वर्ज्य आहे असा नव्हे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात हास्य प्रधान आहे आणि तात्या विंचूचे भय त्याच्या सेवेत आहे. ही व्यवस्था स्पष्ट असल्याने प्रेक्षकाची फसवणूक होत नाही. त्याला भयपटाच्या मापाने मोजणे ही समीक्षकाची चूक ठरेल.

(३) संशय : अभिनवगुप्ताला येथे कथानकातील संदिग्धता अभिप्रेत नाही. कोणता भाव व्यक्त होत आहे हेच कळेनासे होणे, हे विघ्न होय. कथानकातील संदेह मात्र भयाला पोषक असतो. घडते आहे ते अलौकिक की त्याला लौकिक कारण आहे, या दोलायमानतेलाच त्झ्वेतान तोदोरोव याने १९७० साली अद्भुत साहित्याचे लक्षण मानले. कमाल अमरोही यांच्या 'महल' (१९४९) या चित्रपटात झपाटलेल्या वास्तूतील स्त्री हाडामांसाची असल्याचे शेवटी उघड होते. तरीही चित्रपट फिका पडत नाही, कारण तोवर भुतापेक्षा नायकाचा ध्यास अधिक भयंकर झालेला असतो. ज्या चित्रपटांत उलगड्यापलीकडे काही शिल्लक राहत नाही, तेथे मात्र प्रेक्षकाच्या पदरी निराशा येते.

भयाचे सामाजिक मूळ : 'लपाछपी'

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) हा मराठी चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. २०२१ साली त्याची 'छोरी' ही हिंदी आवृत्ती त्यांनीच दिग्दर्शित केली. गरोदर नेहा (पूजा सावंत) पतीसह शहर सोडून उसाच्या फडातील एका एकाकी घरात आश्रय घेते. येथे पडका वाडा नाही, अमावास्येची रात्र नाही. माथ्यापेक्षा उंच उभा ऊस दिवसाउजेडीही दृष्टी अडवतो. घरातील प्रौढ स्त्री (उषा नाईक) नेहाची काळजी घेते आणि हळूहळू ती काळजीच पाळत वाटू लागते.

या भयाचे मूळ भुतात नसून स्त्रीभ्रूणहत्येत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ साली हे प्रमाण ९१३ होते. बीड जिल्ह्यात २०११ साली ते अवघे ८०७ होते. गर्भलिंगनिदानावर राज्याने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा करूनही ही घसरण झाली. भूत खोटे असले तरी न जन्मलेल्या मुलींची संख्या खरी आहे. ज्या ठिकाणी चित्रपट हा आशय दृश्यातून सुचवतो तेथे तो प्रभावी ठरतो. ज्या ठिकाणी तो पात्रांच्या तोंडून उच्चारतो तेथे भयाची पकड सैल होते.

एकेकाळी शेतीचे गाव असलेले आणि आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत दाट वस्तीचे उपनगर झालेले रहाटणी आणि त्याचा परिसर विचारात घेतला, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. या औद्योगिक पट्ट्यातील अनेक विद्यार्थ्यांची कुटुंबे ऊस पिकवणाऱ्या वा तोडणाऱ्या गावांतून येथे आली आहेत. त्यांच्यासाठी उसाचा फड हे नेपथ्य नसून ओळखीची जागा आहे. ओळखीचेच परके होऊन समोर उभे राहावे, या अनुभवाला सिग्मंड फ्रॉइड याने १९१९ सालच्या निबंधात भयाच्या एका विशिष्ट प्रकाराचे मूळ मानले होते.

समीक्षेचे निकष

वरील विवेचनावरून भयपटाच्या समीक्षकाने पुढील प्रश्न विचारावेत असे सुचवता येते : भूत येण्यापूर्वी पात्राचे काय पणाला लागले आहे? चित्रपट स्वतःचे नियम पाळतो काय? प्रेक्षक दचकतो, किळसतो की भितो? ध्वनी व अवकाश कथेतून येतात की वरून लादलेले असतात? आणि उलगडा झाल्यानंतरही काही अस्वस्थ करणारे उरते काय?

समारोप

भयपट भुतामुळे घाबरवत नाही. पात्राला जे गमावण्याची भीती आहे, त्या भीतीला भूत केवळ आकार देते. आकार आहे पण भीती नाही, अशी स्थिती झाली की अपेक्षाभंग होतो. विद्यार्थ्याला हा भेद ओळखता आला, तर भय कोठून येते हे तपासण्याची सवय त्याला लागेल. त्या अर्थाने भयपटाची डोळस समीक्षा ही अंधश्रद्धेची पाठराखण नसून विवेकाचेच शिक्षण होय.